उत्तरेकडच्या दुर्गम खाणींपर्यंत माल आणि माणसं पोचतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी यलोनाइफ. तिथून खाणींकडे माल रवाना करणाऱ्या एका यार्डात मी चार हिवाळे काम केलं. सुट्टीत घरी आले की भाचरं, त्यांचे मायनिंग शिकणारे मित्र, ट्रकच्या धंद्यातले नातेवाईक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. भर हिऱ्यांच्या खाणींवर आहे, कारण ते काम मी जवळून पाहिलं. अलास्का, कॅनडाच्याच उत्तरेतलं बॅफिन बेट आणि सायबेरियाबद्दल लागेल तेवढंच सांगितलं आहे.

खाली जिथे ‘बर्फ’ म्हटलंय तिथे गोठलेलं पाणी समजा, आणि ‘हिम’ म्हणजे आभाळातून पडणारं. या कामात हा फरक फार महत्त्वाचा आहे.

खाण आहे, पैसा आहे, मग साधा बारमाही रस्ता का बांधत नाहीत?

नकाशावर यलोनाइफच्या ईशान्येला बघा. जमिनीपेक्षा तळीच डोळ्यांत भरतील. मधे उघडा खडक, दलदल आणि खाली वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. या जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यात विरघळतो. त्यावर नेहमीसारखा भराव टाकला की खालची थंडी सुटते, जमीन खचते आणि रस्त्याला पोट येतं. शिवाय दर थोड्या अंतरावर पाणी आडवं, म्हणजे पूल किंवा मोठा वळसा.

खाणीचं आयुष्य साधारण पंधरा ते पंचवीस वर्षांचं. सगळा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि वस्ती जेमतेम ४५,०००. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तीन-चार खाणींसाठी शेकडो किलोमीटरचा रस्ता बांधायचा आणि पुढे कायम दुरुस्त करत राहायचं, हा खर्च कोणी उचलायचा यावर चर्चा अडते. ती आजही अडलेलीच आहे.

यलोनाइफपर्यंत तरी माल सरळ येतो का?

आता येतो. एडमंटनहून ट्रकने सुमारे १,५०० किलोमीटर. रेल्वे मात्र ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या दक्षिण काठावर हे रिव्हरला संपते. तो फाटा १९६० च्या दशकात पाइन पॉइंटच्या शिसे-जस्ताच्या खाणीसाठी टाकला होता. खाण १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली, पण हे रिव्हरचा फाटा त्यानंतरही वापरात राहिला.

मॅकेंझी नदीवरचा देह चो पूल नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाला. त्याआधी उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात नदीवरचा बर्फ, असा मामला होता. नदी गोठायला लागली किंवा फुटायला लागली की काही आठवडे यातलं काहीच चालायचं नाही. मग दूध-भाजीसुद्धा हेलिकॉप्टरला टांगून पलीकडे न्यायचे. पूल एक किलोमीटरच्या थोडा वर लांब आहे. त्याने एका गावाचं वर्ष कसं बदललं, हे तिथल्या जुन्या माणसांकडून ऐकावं.

हिवाळी रस्ता म्हणजे नेमकं काय?

यलोनाइफहून पूर्वेकडे जाणारा इन्ग्राहम ट्रेल हा महामार्ग साधारण ७० किलोमीटरवर टिबिट तळ्याशी संपतो. तिथून पुढे टिबिट–कॉन्टवॉयटो हिवाळी रस्ता सुरू होतो. तो १९८२ मध्ये लुपिन या सोन्याच्या खाणीसाठी पहिल्यांदा बांधला गेला. पुढे एकाटी (१९९८), डायव्हिक (२००३) आणि गाचो कुए (२०१६) या हिऱ्यांच्या खाणी त्याच वाटेवर उभ्या राहिल्या. आता साधारण ४०० किलोमीटरचा हा रस्ता खाण कंपन्या मिळून बांधतात आणि खर्च वाटून घेतात.

यातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग गोठलेल्या तळ्यांवरून जातो. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना मधे जमिनीचे पट्टे लागतात, त्यांना तिथे ‘पोर्टेज’ म्हणतात. असे ६४ पोर्टेज आहेत.

रस्ता दर वर्षी नव्याने करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर तरंगू शकणाऱ्या पट्ट्यांच्या हलक्या गाड्या आधी जातात. त्यांच्या मागे ओढलेल्या रडारवर बर्फाची जाडी उमटत जाते. मग हिम बाजूला सारतात. हिम म्हणजे बर्फावरची गोधडी. ती असली की खालचं पाणी गोठायला वेळ लागतो. गोधडी काढली की उणे ३५ ची थंडी थेट बर्फाला भिडते. जिथे जाडी कमी भरते तिथे भोक पाडून खालचंच पाणी पंपाने वर ओततात आणि थरावर थर चढवतात. तळ्यावर रस्त्याची रुंदी एखाद्या विमानतळाच्या धावपट्टीएवढी ठेवतात, म्हणजे वाऱ्याने आणलेलं हिम कडेला साचलं तरी वाट उरते.

साधारण १ फेब्रुवारीला रस्ता खुला होतो आणि मार्चच्या अखेरीस बंद. वर्षाचं सगळं या आठ आठवड्यांत.

बर्फ एवढे अवजड ट्रक पेलतो कसा?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि मला सगळ्यात आवडतोही हाच.

बर्फ पुलासारखा दोन काठांवर टेकलेला नसतो, तो पाण्यावर तरंगत असतो. ट्रक वर आला की बर्फाची लादी खाली वाकते, ताटलीसारखी, आणि खालचं पाणी तिला वर लोटतं. म्हणजे भार बर्फ आणि पाणी दोघं मिळून उचलतात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या लोर्न गोल्ड यांनी बर्फ तुटल्याच्या आणि टिकल्याच्या शेकडो नोंदी तपासून एक साधं सूत्र दिलं: सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा आणि त्याला एका आकड्याने गुणा, की किलोमध्ये भार मिळतो. सावधपणे चालायचं तर तो आकडा ४. म्हणजे ५० सेंटिमीटरला १० टन आणि १०० सेंटिमीटरला ४० टन. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट. म्हणूनच जानेवारीतली दहा सेंटिमीटरची तूट खाण कंपन्यांची झोप उडवते. रोज मोजमाप आणि पहारा असेल तर आकडा थोडा वर नेता येतो. त्या मोबदल्यात जोखीमही थोडी वर जाते.

प्रत्यक्षात सुमारे ७० सेंटिमीटर जाडीला हलक्या खेपा सुरू होतात. पूर्ण भरलेल्या जोड-टँकरला एक मीटरहून जास्त लागतो. बर्फाचा रंगही बघतात. निळसर, काचेसारखा बर्फ मजबूत. पांढरा, हिम भिजून गोठलेला बर्फ कमजोर, त्याची जाडी अर्धीच धरतात.

आता वेगाचं. ट्रक चालतो तेव्हा त्याच्याखाली पाण्यात एक लाट तयार होते आणि ट्रकबरोबर पुढे सरकते. वेग वाढला की ती लाट मोठी होते, आणि काठाजवळ उथळ पाण्यात आदळून बर्फ खालून फोडू शकते. म्हणून भरलेल्या ट्रकला तळ्यावर ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असते, आणि काठाशी चढता-उतरताना १० च्या आसपास. चारशे किलोमीटर, ताशी पंचवीस: गणित तुम्हीच करा. रिकामे ट्रक परतताना वेगळ्या मार्गिकेने जास्त वेगात येतात. दोन भरलेल्या ट्रकांत शेकडो मीटर अंतर ठेवावंच लागतं.

आणि थांबायचं नाही. एका जागी उभा असलेला भार बर्फाला हळूहळू खाली वाकवत राहतो. गाडी बिघडली तर आधी रेडिओवर कळवायचं, मागच्यांना रोखायचं.

मी एकदाच, एका अनुभवी ड्रायव्हरशेजारी बसून पहिल्या काही तळ्यांपर्यंत गेले होते. खिडकी दोन बोटं उघडी ठेवलेली. खालून आधी विजेच्या तारेसारखा ताणलेला आवाज आला, मग दूर कुठेतरी ढग गडगडल्यासारखं. माझे हात सीटला घट्ट. तो म्हणाला, “आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे. बर्फ काम करतोय.” त्या भेगा कोरड्या असतात, आणि थंडीत बर्फ आकसतो तेव्हा पडतातच. भेगेतून पाणी वर आलेलं दिसलं तर ती बातमी वेगळी.

एका हंगामात किती माल जातो?

वर्षावर अवलंबून. २००७ मध्ये विक्रम झाला: १०,९२२ भरलेल्या खेपा, सुमारे ३,३०,००० टन माल. सगळ्यात मोठा वाटा डिझेलचा. खाणीत वीज, उष्णता, डंपर सगळं डिझेलवर, आणि वर्षभराचं डिझेल टाक्यांमध्ये साठवून ठेवावं लागतं. त्याखालोखाल सिमेंट, स्फोटकांसाठी अमोनियम नायट्रेट, डंपरचे माणसाहून उंच टायर, यंत्रांचे सुटे भाग. डायव्हिकने २०१२ मध्ये चार पवनचक्क्या उभारल्या त्यामागे पर्यावरण होतंच, पण रस्त्यावरचे टँकर कमी करणं हाही रोकडा हिशेब होता.

एखाद्या वर्षी बर्फ धरलाच नाही तर?

तसं २००६ मध्ये झालं. हिवाळा उबदार गेला, बर्फ उशिरा आणि पातळ धरला. रस्ता मार्चअखेर बंद करावा लागला तेव्हा शेकडो खेपा यलोनाइफमध्येच अडकल्या होत्या. मग उन्हाळाभर डिझेलसुद्धा विमानांनी न्यावं लागलं. तो खर्च ट्रकच्या कितीतरी पट. तेव्हापासून प्रत्येक खाण काही महिन्यांचा जादा साठा आणि विमानाचा दुसरा पर्याय धरूनच आखणी करते.

नियोजनाची छोटी चूकही इथे फार महाग पडते. आमच्या यार्डात एका वर्षी एका गिअरबॉक्सची खेप चुकीच्या यादीत राहिली. लक्षात आलं तेव्हा रस्ता बंद होऊन चार दिवस झाले होते. खोका आमच्या डोळ्यांसमोर, गोदामात, सुस्थितीत. तो न्यायला खास विमान ठरवावं लागलं. यादी तपासणाऱ्यांत मीही होते. त्यानंतर शेवटच्या आठवड्यात गोदामातला प्रत्येक खोका हात लावून मोजायची सवय मला लागली.

मग सगळं विमानानेच का नेत नाहीत?

वजनामुळे. हर्क्युलिस विमान एका फेरीत सुमारे २० टन नेतं. म्हणजे २००७ चा माल त्याने न्यायचा तर १६,००० हून जास्त फेऱ्या.

माणसं मात्र विमानानेच जातात, बारा महिने. खाणीवर दोन आठवडे सलग, रोज बारा तास काम आणि मग दोन आठवडे घरी, ही नेहमीची पाळी. ताजी भाजी, दूध, टपाल, तातडीचे सुटे भाग त्याच विमानांतून. धावपट्टी बहुतेक ठिकाणी खडीची. खडीवर उतरणाऱ्या जुन्या बोइंग ७३७-२०० विमानांच्या पुढच्या चाकामागे एक पसरट फळी लावलेली असते, उडणारी खडी अडवायला, आणि इंजिनाखालून हवेचा झोत सोडणाऱ्या नळ्या असतात, खडी आत ओढली जाऊ नये म्हणून. नव्या ७३७ ना अशी सोय नाही, त्यामुळे ही जुनी विमानं उत्तरेत अजून जपून वापरतात.

हवाई प्रवासही जोखमीचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये डायव्हिककडे निघालेलं एक छोटं विमान फोर्ट स्मिथहून उडताच कोसळलं. सहा जण गेले, त्यांतले चार खाणीचे कामगार. छोट्या गावांमध्ये प्रत्येक घराला अशी बातमी लागते. मी ती फोनवर ऐकली आणि दिवसभर काही सुचलं नाही.

हिरे बाहेर कसे येतात?

विमानाने, आणि ते सगळ्यात सोपं काम. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, म्हणजे दहा लाख कॅरेट फक्त २०० किलो. हजारो ट्रक आत जातात आणि वर्षभराचं उत्पादन एका छोट्या विमानात मावेल एवढं. म्हणूनच बारमाही रस्त्याशिवाय हिऱ्याची खाण चालू शकते.

पुढचा धागा आपल्याकडे येतो. जगातल्या कच्च्या हिऱ्यांपैकी नगांच्या हिशेबाने दहातले नऊ भारतात पैलू पाडून घेतात. मोठं काम सुरतेत, आणि व्यापार मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समधून. तिथे कागदाच्या पुडीत उघडलेल्या एखाद्या खड्यामागे फेब्रुवारीतली ती तळी असू शकतात.

लोखंड, जस्त, निकेल असेल तर?

तिथे हिशेब उलटा होतो. बाहेर न्यायचं वजनच अफाट, त्यामुळे समुद्र गाठल्याशिवाय गत्यंतर नाही.

अलास्कातली रेड डॉग ही जस्ताची खाण १९८९ पासून चालू आहे. खाण ते चुकची समुद्रावरचं बंदर, सुमारे ८४ किलोमीटरचा खास रस्ता. वर्षभर ट्रक माल बंदरावर आणून प्रचंड बंदिस्त गोदामांत साठवतात, कारण जहाजं फक्त जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास शंभरेक दिवस येऊ शकतात. काठाशी पाणी उथळ, म्हणून मोठी जहाजं दूर उभी राहतात आणि बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू होड्या) माल नेऊन त्यांत ओततात. गोव्याच्या वाचकांना हे नवीन नाही. मांडवी-जुवारीतून मुरगावला खनिज असंच जात आलंय, फक्त तिथे अडवतो तो पाऊस आणि इथे बर्फ.

बॅफिन बेटावरच्या मेरी रिव्हर खाणीचं लोहखनिज सुमारे १०० किलोमीटर ट्रकने मिल्न इनलेटला येतं आणि तिथून उन्हाळी जहाजांनी बाहेर जातं.

क्युबेकच्या उत्तर टोकाला रॅगलन आणि लॅब्राडोरमध्ये व्हॉइसीज बे या निकेलच्या खाणींनी तिसरी वाट धरली: बर्फ फोडत जाणारी मालवाहू जहाजं. २०१४ मध्ये ‘नुनाविक’ हे असंच जहाज डिसेप्शन बेहून निकेल घेऊन कोणत्याही सोबतीच्या जहाजाशिवाय वायव्य मार्गाने, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक समुद्रातून, चीनला गेलं. पण जहाज गेलं की समुद्रावरच्या बर्फात पाण्याचा पट्टा उघडतो, आणि तो बर्फ म्हणजे इन्युइट लोकांचा शिकारीला जायचा रस्ता. व्हॉइसीज बेला म्हणून त्या पट्ट्यावर तरंगते पूल टाकतात, स्नोमोबाइल पलीकडे जाव्यात यासाठी. रॅगलनची जहाजं वसंतात सीलची पिल्लं जन्मतात त्या काळात येत नाहीत. मला या दोन गोष्टी फार शहाणपणाच्या वाटतात.

रशियात काय करतात?

नोरील्स्क हे मोठं निकेलचं शहर, पण बाकी देशाशी ना रस्ता ना रेल्वे. तिथले लोक उरलेल्या रशियाला ‘मुख्य भूमी’ म्हणतात, जणू स्वतः बेटावर राहतात. एक छोटी रेल्वे येनिसेई नदीवरच्या दुदिंका बंदराला जाते आणि बर्फ फोडणारी जहाजं हिवाळ्यातही ते चालू ठेवतात. फक्त वसंतात नदी फुटते तेव्हा पाणी दहा मीटरहून जास्त चढतं आणि धक्के बुडतात. त्याआधी क्रेन मागे ओढून ठेवाव्या लागतात.

कायमचे रस्ते होणारच नाहीत का?

काही झाले. इन्युविक ते टुक्टोयाकटुक हा १३८ किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला. तो जमीन न खणता, वर कापड अंथरून त्यावर जाड भराव टाकून केला, म्हणजे खालचा बर्फ झाकलेला राहील. व्हाटी गावापर्यंतचा ९७ किलोमीटरचा ट्लीचो रस्ता २०२१ मध्ये झाला. हिऱ्यांच्या पट्ट्यातून थेट आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत रस्ता आणि बंदर करायची योजना मात्र कित्येक वर्षं कागदावर आहे. अलास्कातल्या ३४० किलोमीटरच्या अँबलर रस्त्याला एका सरकारने २०२४ मध्ये नकार दिला आणि पुढच्या सरकारने २०२५ मध्ये होकार. अशा होकार-नकारावर खाण उभी राहत नाही.

माझं मत विचाराल तर गावं जोडणारा रस्ता आधी हवा. खाण संपते, गाव राहतं.

तिथल्या लोकांचं काय म्हणणं आहे?

एकच एक म्हणणं नाही, आणि तसं दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. डेने, ट्लीचो, मेटी आणि इन्युइट या तिथल्या मूळ समाजांच्या स्वतःच्या वाहतूक कंपन्या आहेत, खाणींशी रोजगाराचे करार आहेत. रेड डॉगची जमीनच इन्युपियाट लोकांच्या नाना या महामंडळाची आहे. पण कॅरिबूंचं, म्हणजे तिथल्या रानटी हरणांचं, दुःखही तितकंच खरं. बाथर्स्ट कळप १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० होता. २०२१ च्या मोजणीत ६,२४० उरले. कारणं बरीच आहेत आणि सगळा दोष रस्त्यांचा नाही, पण कळप रस्त्यापाशी बिचकतात हे सगळ्यांनी पाहिलंय. नुनावूट या शेजारच्या प्रदेशातल्या मेडोबँक सोन्याच्या खाणीच्या ११० किलोमीटर रस्त्यावर कळप आला की ट्रक थांबवतात.

बॅफिनवर २०२१ च्या फेब्रुवारीत शिकाऱ्यांनी धावपट्टी आणि खाणीचा रस्ता अडवला. उत्पादन दुप्पट करून रेल्वे आणायची योजना होती, आणि जहाजांच्या गर्दीने नारव्हाल हे सुळ्याचे देवमासे निघून जातील ही त्यांची भीती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ती योजना नाकारली.

एकाटी हे नावही ट्लीचो लोकांचंच. खाणीजवळच्या तळ्याला ते ‘चरबीचं तळं’ म्हणतात, कारण खडकातल्या पांढऱ्या गारेच्या रेषा कॅरिबूच्या चरबीसारख्या दिसतात. हिरे सापडायच्या कितीतरी आधीपासून तिथे कोणी तरी रोज बघत होतं, हे त्या नावातच आहे.

महाकाय फुगे, म्हणजे एअरशिप, येणार होते ना?

घोषणा बऱ्याच झाल्या. कोणत्याही उत्तरेकडच्या खाणीचा नियमित माल आजवर त्यांनी नेलेला नाही.

भारतातून येऊन या रस्त्यावर ट्रक चालवायचं काम मिळेल का?

थेट नाही. हंगाम दोन महिन्यांचा, आणि कंपन्या कॅनडाचा जड वाहनाचा परवाना असलेले, हिवाळी रस्त्यांवर हात बसलेले ड्रायव्हर घेतात. आधी दक्षिणेत काही हिवाळे चालवावं लागतं. ‘बर्फाच्या रस्त्यावर लाखो कमवा’ म्हणून आगाऊ पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून या. माझ्या ओळखीच्या एका मुलाने घरची शेती गहाण ठेवून असे पैसे भरले. काम मिळालं नाही.

उन्हाळ्यात जाऊन हा रस्ता बघता येतो का?

टिबिट तळ्यापर्यंत गाडीने जाता येतं. जूनमध्ये मी गेले होते. महामार्ग संपतो तिथे गाड्या लावायची जागा आहे. दोन कुटुंबं कनू पाण्यात सोडत होती, डास चावत होते. फेब्रुवारीत जिथून टँकरची रांग तळ्यावर उतरताना पाहिली होती, तिथे एक मुलगा गुडघाभर पाण्यात उभा राहून गळ टाकत होता.